तोंड वारंवार येतं, तर स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटचा उपचार घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली काही वर्षं दर महिना-दीड महिन्याला तोंड येतं, आठ-दहा दिवस खाणं-बोलणं अवघड होतं, मग आपोआप बरं होतं. मलमं लावून झाली, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन झाल्या. आता एका दवाखान्यात सांगितलंय की तुमच्याच रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढून जखमेत टोचू, म्हणजे हा त्रास कायमचा थांबेल. हे खरं आहे का आणि यात धोका किती?

तोंडातल्या जखमा आणि चट्टे यांवर उपचार करणं हेच माझं काम आहे. प्लेटलेटपासून केलेली जेल, पडदे आणि इंजेक्शनं मी स्वतः वापरतो, आणि काही रुग्णांमध्ये त्यांनी फार चांगलं काम केलेलं पाहिलं आहे. म्हणूनच स्पष्ट सांगतो: हा उपचार समोर असलेली जखम भरायला मदत करतो. पुढची जखम होऊ नये याची तो काहीही तजवीज करत नाही. ज्यांची एखादी जखम भरतच नाही त्यांना याचा उपयोग होऊ शकतो. ज्यांची जखम भरते, पण पुन्हा पुन्हा होते, त्यांनी आधी कारणाच्या मागे लागायला हवं. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसतं. 'कायमचा थांबेल' असं आश्वासन यात कुणीही देऊ नये.

प्लेटलेट म्हणजे केंद्रक नसलेल्या अगदी लहान पेशी. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात आणि सात ते दहा दिवस जगतात. रक्तस्राव थांबवणं हे त्यांचं पहिलं काम. ते झालं की जखमेच्या दुरुस्तीला सुरुवात करून देणं हे दुसरं. त्यांच्या आत अल्फा कण नावाच्या छोट्या पिशव्या असतात आणि त्यांत ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीला चालना देणारी प्रथिनं साठवलेली असतात. पीडीजीएफ हे प्रथिन दुरुस्ती करणाऱ्या पेशींना जखमेकडे खेचतं, व्हीईजीएफमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, टीजीएफ-बीटामुळे कोलॅजन तयार होतं आणि ईजीएफमुळे वरचं अस्तर कडेकडून मध्याकडे सरकत जखम झाकतं. प्लेटलेट एकदा उद्दीपित झाली की साठ्याचा मोठा भाग पहिल्या दहा मिनिटांत आणि जवळजवळ सगळा तासाभरात बाहेर पडतो.

या साठ्याचा उपयोग करून घ्यायचा म्हणजे रक्त सेंट्रिफ्यूज या वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात फिरवून प्लेटलेट एका थरात गोळा करायच्या. त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि रुग्णाने त्यांतला फरक जाणून घेणं गरजेचं आहे, कारण तोंडाच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा ठरतो. पहिली पद्धत पीआरपी, म्हणजे भरपूर प्लेटलेट असलेला रक्तद्रव. यात रक्त गोठू नये म्हणून नळीत सायट्रेट असतं. बहुतेक वेळा रक्त दोनदा फिरवतात, आधी हलकं आणि मग जोरात, आणि प्लेटलेटचं प्रमाण मूळ रक्ताच्या चार-पाच पट होईल असं बघतात. नंतर कॅल्शियम क्लोराइड घालून त्याची जेल करतात किंवा तसंच टोचतात. १९९८ मध्ये रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याच्या हाडाच्या रोपणात हे वापरून दाखवलं, तेव्हापासून मुखशल्यचिकित्सेत याचं नाव झालं. त्या काळी जेल करायला गाईच्या रक्तातलं थ्रॉम्बिन वापरत. त्याने काही माणसांमध्ये रक्त गोठवणाऱ्या पाचव्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन रक्तस्रावाचा धोका निर्माण झालेला आहे. त्यामुळे आज कुणी ते वापरत असेल तर नाही म्हणा.

दुसरी पद्धत पीआरएफ, म्हणजे भरपूर प्लेटलेट असलेलं फायब्रिन. फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना तयार होणारी प्रथिनाच्या धाग्यांची जाळी. फ्रान्समधले डॉ. जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये ती मांडली. यात नळीत काहीही घालत नाहीत. रक्त काढलं की मिनिट-दोन मिनिटांत यंत्रात ठेवायचं. ते फिरता फिरताच गोठतं आणि नळीच्या मधोमध पिवळसर, लवचीक फायब्रिनची गुठळी तयार होते. त्या जाळीत जवळजवळ सगळ्या प्लेटलेट आणि निम्म्याहून अधिक पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. गुठळी हलक्या हाताने दाबली की तिचा पडदा होतो, त्याला टाकेसुद्धा घालता येतात. मूळ पद्धतीत मिनिटाला २७०० फेऱ्यांवर १२ मिनिटं रक्त फिरवत. पुढे कमी वेगाच्या पद्धती आल्या. प्लास्टिकच्या नळीत ७०० फेऱ्यांवर ३ मिनिटं फिरवलं तर काही मिनिटं द्रवरूपच राहणारं पीआरएफ मिळतं, ते सुईने टोचता येतं. पीआरपीतून ग्रोथ फॅक्टर एकदम सुटतात, पीआरएफच्या जाळीतून ते आठवडाभर आणि काही प्रमाणात त्याहूनही जास्त काळ हळूहळू झिरपत राहतात.

आता तोंडाचा विचार करा. तोंड सतत ओलं असतं, जीभ अखंड हलत असते, लाळ दिवसरात्र वाहत असते. कातडीवरच्या जखमेवर जेल लावून वर पट्टी बांधता येते. गालाच्या आत लावलेली पीआरपीची जेल पाण्याचे दोन-चार घोट घेईपर्यंतही टिकत नाही. म्हणून नुसती जेल लावून देणाऱ्या उपचारावर माझा विश्वास नाही. पडदा टाक्यांनी बसवायचा, किंवा त्यावर टाळूच्या मापाची पातळ प्लास्टिकची पट्टी बसवायची, किंवा औषध थेट अस्तराखाली टोचायचं, यातलं काहीतरी करावंच लागतं. आणखी एक बाब अशी की तोंडातली जखम मुळातच कातडीपेक्षा लवकर आणि कमी वण ठेवून भरते. लाळेत ईजीएफ असतं, हिस्टाटिनसारखी जखम भरायला मदत करणारी प्रथिनं असतात. म्हणजे निरोगी तोंडात या घटकांचा तुटवडा नसतोच. तरीही तिथे जखम भरत नसेल, तर काहीतरी तिला भरू देत नाही. ते काय आहे हे शोधणं प्लेटलेट टोचण्याच्या आधीचं काम आहे.

तुम्हाला होतं ते बहुधा ॲफ्थस व्रण या प्रकारातलं आहे. जगात साधारण पाचातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी ते होतात. लहान प्रकारातले व्रण एक सेंटिमीटरपेक्षा लहान, गोल, मध्ये पिवळट आणि कडेला लाल, आणि सात ते चौदा दिवसांत वण न ठेवता बरे होणारे. मोठ्या प्रकारातले एक सेंटिमीटरपेक्षा मोठे, खोल, कधी कधी महिना-दोन महिने रेंगाळणारे आणि वण ठेवणारे. तिसऱ्या प्रकारात टाचणीच्या डोक्याएवढे अनेक व्रण एका वेळी येतात. या सगळ्यांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच अस्तराच्या पेशींवर उलटते. व्रण म्हणजे त्या हल्ल्याचा परिणाम. प्लेटलेटमुळे तो हल्ला थांबत नाही.

लहान व्रणांवर पीआरपी किंवा पीआरएफचे जे छोटे अभ्यास झालेत त्यांत दुखणं लवकर कमी झाल्याचं दिसतं. पण जो व्रण दहा दिवसांत आपणहून बरा होणार आहे, त्याला तिसऱ्या दिवशी काहीही लावलं तरी सातव्या दिवशी ते औषध गुणकारी वाटतं. त्यामुळे तुलनेचा गट नसेल तर 'आमचे सगळे रुग्ण आठवड्यात बरे झाले' या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. लहान व्रणासाठी मी कुणाचं रक्त काढत नाही. ट्रायमसिनोलोनचं चिकटणारं मलम किंवा स्टेरॉइडच्या गुळण्या व्रण जाणवू लागताच पहिल्या दिवसापासून सुरू केल्या तर तेवढंच आणि बिनसुईचं काम होतं. बरेच लोक मलम चौथ्या-पाचव्या दिवशी, खूप दुखायला लागल्यावर लावतात आणि मग ते लागू पडलं नाही म्हणतात.

सुईचा एक तोटा तर आवर्जून सांगायला हवा. ज्यांना ॲफ्थस व्रण होतात त्यांच्यात अस्तराला झालेली लहानशी इजाही नवा व्रण उठवू शकते. दात काढताना दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनच्या जागी दोन दिवसांनी व्रण आलेले रुग्ण आम्हाला नेहमी दिसतात. बेसेट नावाच्या आजारात तर सुई टोचलेल्या जागी फोड येणं हा निदानाचाच एक भाग आहे. अशा माणसाच्या ओठात दर आठवड्याला सुई टोचत राहणं म्हणजे नव्या व्रणांना निमित्त पुरवणं. पुन्हा पुन्हा तोंड येणाऱ्या माणसाला इंजेक्शन सुचवणाऱ्याने हा विचार केलेला असायला हवा.

मग तुमच्या बाबतीत काय करायचं? आधी रक्ताच्या तपासण्या: हिमोग्राम, फेरिटिन, बी १२, फोलेट. फेरिटिन मुद्दाम सांगतो, कारण हिमोग्लोबिन चांगलं असतानाही लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो आणि व्रण त्या टप्प्यावरच सुरू झालेले असतात. बी कॉम्प्लेक्सच्या गोळीने लोह भरून निघत नाही. पोटाचा त्रास, जुलाब, वजन घटणं असं काही सोबत असेल तर सीलिॲकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजारासाठी, टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी आणि आतड्याच्या दाहाचा विचार. गुप्तांगावर व्रण, डोळा लाल होऊन दुखणं, सांधेदुखी, पायावर दुखऱ्या गाठी यातलं काही असेल तर बेसेटचा विचार. वर्षातून किमान तीनदा तोंडात व्रण येणं हा त्याच्या प्रचलित निकषांतला पाया आहे. एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी, त्यात संकोच नको. टूथपेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक असेल तर तो नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून पाहावी, काही जणांचे व्रण एवढ्यानेच विरळ होतात.

आणि औषधांची यादी. हे मी प्रत्येक रुग्णाला विचारतो, कारण उत्तर अनेकदा इथेच सापडतं. छातीत दुखण्यासाठी दिलं जाणारं निकोरँडिल खोल, गोलाकार, महिनोन्महिने न भरणारे व्रण करतं आणि ते औषध हृदयरोगतज्ज्ञांनी बदलून दिलं की काही आठवड्यांत ते भरून येतात. असा व्रण कितीही प्लेटलेट टोचल्या तरी गोळी चालू आहे तोवर भरत नाही. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनीही व्रण येतात. सगळ्यात गंभीर म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, पण चुकून रोज घेतलं जातं. तोंड अचानक सोलून निघणं हा त्याच्या विषबाधेचा पहिला इशारा असतो. अशा वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही धोकादायकरीत्या घसरलेल्या असू शकतात. हा रुग्ण दातांच्या दवाखान्यात बसवून ठेवायचा नसतो, त्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचं असतं.

तपासण्या स्वच्छ आल्या आणि त्रास खूपच असेल तर कोल्चिसिन, डॅप्सोन यांसारख्या गोळ्या देखरेखीखाली देता येतात. बेसेटमधल्या तोंडाच्या व्रणांसाठी अप्रेमिलास्टला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये मान्यता दिली. 'पुन्हा होऊ नये' यासाठीचे उपचार हे आहेत.

प्लेटलेटचा खरा उपयोग कुठे होतो तेही तितकंच मोकळेपणाने सांगायला हवं. माझ्या मते सर्वांत भक्कम जागा म्हणजे टाळूवरची शस्त्रक्रियेची जखम. हिरडी खाली सरकलेली असते तेव्हा टाळूवरून अस्तराचा तुकडा काढून तिथे लावतात. टाळूवर उघडी जखम राहते, ती भरायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिला आठवडा रुग्णाला खरा त्रास हिरडीपेक्षा टाळूचाच होतो. त्या जागी पीआरएफचे पडदे टाक्यांनी बसवले तर दुखणं कमी राहतं, वेदनाशामक गोळ्या कमी लागतात आणि अस्तर लवकर चढतं. हे अनेक नियंत्रित अभ्यासांत दिसून आलेलं आहे आणि आम्हालाही रोजच्या कामात दिसतं. इथे ते का चालतं तेही उघड आहे. जखम स्वच्छ आहे, कारण माहीत आहे, आजार काहीच नाही आणि पडदा पक्का बसवता येतो. साधा सायनोॲक्रिलेटचा वैद्यकीय गोंदही अशा जखमेत वेदना चांगल्या कमी करतो. तेव्हा एखाद्या डॉक्टरने रक्त न काढता गोंद वापरायचं ठरवलं तर ते कमी दर्जाचं समजू नये.

दुसरी जागा म्हणजे घासून झालेली जुनी जखम. तुटक्या दाताची धार किंवा कवळीची कड महिनोन्महिने एकाच ठिकाणी लागत राहिली की व्रणाची कड जाड, कडक आणि फिकट होते आणि कारण काढल्यावरही तो हट्टाने तसाच राहतो. बायोप्सीत, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, काही वावगं नाही हे पक्कं झाल्यावर अशा व्रणाची कड कापून ताजी करून वर पीआरएफचा पडदा शिवला तर तो पुन्हा भरायच्या मार्गाला लागतो. मोठ्या ॲफ्थस व्रणातही, आतून औषध चालू असताना, एखादा व्रण मागे राहिला असेल तर मी हे करतो.

तिसरी जागा व्रणयुक्त लायकेन प्लेनस, हा अस्तराच्या जुनाट दाहाचा आजार. गालाच्या आत पांढऱ्या जाळीच्या मध्ये लाल, सोललेले, आगीसारखे चुरचुरणारे चट्टे असतात. स्टेरॉइड हा पहिला उपचार. पण वर्षानुवर्षं स्टेरॉइड लावून तोंडात कँडिडाची बुरशी होते, वारंवार टोचून अस्तर पातळ होतं, आणि मधुमेही रुग्णात आणखी अडचणी असतात. अशा लोकांमध्ये द्रवरूप पीआरएफ चट्ट्याच्या कडेने आठवड्याच्या किंवा पंधरा दिवसांच्या अंतराने साधारण चार वेळा टोचलं तर चट्टे आणि जळजळ कमी होतात. एकाच रुग्णाच्या एका गालात स्टेरॉइड आणि दुसऱ्या गालात पीआरएफ देऊन केलेल्या अभ्यासांत दोन्हींचा परिणाम बराचसा सारखा आला आहे. हे अभ्यास लहान आहेत, म्हणून मी याला स्टेरॉइडपेक्षा श्रेष्ठ म्हणत नाही. स्टेरॉइड चालत नाही त्याच्यासाठी चांगला दुसरा पर्याय म्हणतो. आजार मुळापासून जात नाही, काही महिन्यांनी चट्टे परततात, हे रुग्णाला आधी सांगायचं. आणि लायकेन प्लेनस असलेल्या शंभरात साधारण एकाला पुढे कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे चट्टा बरा दिसत असला तरी दर काही महिन्यांनी तपासणी चालूच ठेवायची.

पेम्फिगसबद्दल थोडक्यात. यात प्रतिपिंडं अस्तराच्या पेशींमधले दुवेच तोडतात आणि तोंड अनेकदा कातडीच्या कित्येक महिने आधी सोललं जातं. याला पोटातून स्टेरॉइड, रिटुक्सिमॅबसारखी औषधं लागतात. ती चालू असताना एखादा हट्टी चट्टा उरला तर तिथे प्लेटलेटची मदत घेता येते, पण त्यांच्या जागी नव्हे. नुसते प्लेटलेट टोचत राहून या आजाराचं निदान लांबवणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.

किमोथेरपी आणि किरणोपचारांत तोंड सोलतं त्याचा विषय वेगळा आणि मला फार जवळचा आहे, कारण या रुग्णांइतकी तोंडाची वेदना क्वचितच कुणाला होते. पाणी गिळता येत नाही, मॉर्फिन लागतं, कधी कधी कर्करोगाचा उपचारच मध्ये थांबवावा लागतो. पण इथे एक मूलभूत अडचण येते. किमोथेरपीत, विशेषतः अस्थिमज्जा रोपणाच्या वेळी, रुग्णाच्या स्वतःच्या प्लेटलेटच घसरलेल्या असतात. म्हणून दात्याच्या प्लेटलेट गोठवून-वितळवून फोडतात आणि त्यातला द्रव, म्हणजे प्लेटलेट लायसेट, गुळण्यांसाठी किंवा चिकटणाऱ्या जेलमधून वापरतात. नाळेच्या रक्तापासूनही अशी जेल करतात. हे रक्तपेढीचं काम आहे. दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांची तपासणी आणि निर्जंतुक प्रक्रिया तिथेच होऊ शकते. ज्यांची परिणामकारकता जास्त चांगली सिद्ध झालेली आहे असे उपाय आधी करायचे: कमी शक्तीच्या लेझरचा प्रकाशोपचार, काही किमो औषधांच्या वेळी तोंडात बर्फ धरणं, किरणोपचारांत बेंझिडामिनच्या गुळण्या. आणि डोक्या-मानेच्या कर्करोगात गाठ जिथे होती त्याच भागावर ग्रोथ फॅक्टर लावण्याचा निर्णय कर्करोगतज्ज्ञाशिवाय कुणीही घेऊ नये.

इथून मी ज्या गोष्टीत अजिबात तडजोड करत नाही तिकडे येतो. तोंडातला कुठलाही व्रण कारण दूर केल्यावरही दोन ते तीन आठवड्यांत भरत नसेल तर आधी बायोप्सी. तंबाखू किंवा सुपारी खाणारा, दारू घेणारा, जिभेच्या कडेला किंवा तोंडाच्या तळाला व्रण असलेला, हाताला कडक लागणारा, न दुखणारा व्रण असलेला रुग्ण असेल तर आणखीच लवकर. न दुखणं हे चांगलं लक्षण नाही, उलट सुरुवातीच्या कर्करोगाचा व्रण अनेकदा दुखत नाही. नव्या रक्तवाहिन्या फुटवणं, पेशींची वाढ वाढवणं हे जे प्लेटलेट जखमेत करतात, तेच गाठीलाही हवं असतं. कर्करोगाच्या किंवा कर्करोगपूर्व बदल असलेल्या जागी ते टोचू नये. शिवाय टोचण्या-लावण्यात दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्यात छोट्या शस्त्रक्रियेचं काम मोठ्या शस्त्रक्रियेवर जातं. बायोप्सी व्रणाच्या कडेवरून, थोडं निरोगी अस्तर सोबत घेऊन करायची असते. पेम्फिगसची शंका असेल तर दुसरा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीसाठी वेगळ्या द्रवात पाठवावा लागतो. क्षयरोग आणि सिफिलिसही तोंडात जुनाट व्रण करतात, ते याच टप्प्यावर सापडतात.

सगळं बघून झाल्यावर हा उपचार ठरलाच, तर डॉक्टरांना काही गोष्टी विचारायला लाजू नका. नळ्या कोणत्या वापरता हा पहिला प्रश्न. रक्त तपासणीसाठीच्या साध्या नळ्या प्रयोगशाळेसाठी असतात, त्यातलं रक्त पुन्हा शरीरात घालण्यासाठी त्या बनवलेल्या नसतात. यासाठी प्रमाणित, निर्जंतुक, एकदाच वापरायच्या नळ्या मिळतात. नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं जावं, कारण एका वेळी दोन रुग्णांचं रक्त यंत्रात असेल तर अदलाबदल होण्याचा धोका असतो, आणि या उपचारातला सर्वांत मोठा टाळता येण्यासारखा धोका तोच आहे. रक्त स्वतःचंच असल्याने ॲलर्जीची भीती जवळजवळ नसते. संसर्ग होतो तो हाताळणीतून. तयार केलेलं साहित्य त्याच बैठकीत वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. यंत्राबद्दलही विचारता येईल: २७०० फेऱ्या एवढं सांगून भागत नाही, कारण रक्तावर पडणारा जोर फिरणाऱ्या चकतीच्या त्रिज्येवरही अवलंबून असतो. त्रिज्या दुप्पट असेल तर त्याच फेऱ्यांना जोर दुप्पट पडतो. आपल्या यंत्राचा जोर किती हे माहीत असलेला डॉक्टर हे काम मनापासून शिकलेला असतो.

प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील, प्लेटलेटचाच काही आजार असेल, ताप किंवा अंगात संसर्ग असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल तर हा उपचार करू नये. आयब्युप्रोफेनसारख्या काही वेदनाशामक गोळ्या प्लेटलेटचं काम मंद करतात, त्या डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी बंद करता येतात. हृदयासाठी किंवा मेंदूच्या झटक्यानंतर सुरू असलेलं ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल मात्र या उपचारासाठी स्वतःहून थांबवू नका. तोंडातल्या चट्ट्यासाठी हृदय धोक्यात घालण्याचं काहीही कारण नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पीआरएफची गुठळी उशिरा किंवा सैल बनते, हेही आधी सांगून ठेवा. रक्त किती काढतात याची काळजी करू नका. एक ते चार नळ्या, म्हणजे दहा ते चाळीस मिलिलिटर एवढंच लागतं.

टोचताना सायट्रेटमुळे पीआरपी चांगलंच चरचरतं, द्रवरूप पीआरएफ त्या मानाने कमी. आधी भूल देता येते, पण भुलीचं औषध त्या द्रवात मिसळू नये. पडदा बसवला असेल तर दोन-तीन दिवसांत तो पांढरट-पिवळा आणि मऊ दिसायला लागतो. अनेक रुग्ण घाबरून तो पू समजतात आणि कापसाने पुसून काढतात, तसं करू नका. तो आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप विरघळतो. पहिला दिवस गुळण्या करायच्या नाहीत, नंतर हलक्या हाताने. तिथे ब्रश लावायचा नाही, गरम आणि टोकदार काही खायचं नाही, जिभेने चाचपून बघायचं नाही. धूम्रपान या काळात पूर्ण बंद, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आकसून ठेवतं. दुखणं तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढलं, सूज आली, ताप आला, वास येऊ लागला किंवा रक्त दहा-पंधरा मिनिटं कापूस दाबून धरूनही थांबलं नाही तर लगेच दाखवा. आणि दोन आठवड्यांनी जखम कितीही छान दिसत असली तरी ठरलेल्या तारखेला दाखवायला जा, कारण ती खरोखर भरली आहे की वरून झाकली गेली आहे हे बोटाने चाचपून बघावं लागतं.